हरणीला विकताना आधी घर बघा, मग भाव

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांनी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी घरीच व्यायली. तिची वछेरी हरणी आता अडीच वर्षांची आहे. घोडी गेल्या वर्षी पोटशुळाने दगावली. वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत साठवलेलं सगळं गेलं, वर नातेवाइकांची उसनवारी झाली. हरणीची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, आता उधारीवर येते. ताई लिहितात, "ती जन्मली त्या रात्री मोबाईलचा उजेड धरून मी तिथेच बसले होते. विकली तर तिच्याशी दगा केल्यासारखं वाटेल. नाही विकली तर पोटभर घालता येणार नाही. काय करू?"

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. हरणीला विका, आणि येत्या तीन महिन्यांत विका. पोळा नुकताच झालाय, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते त्या दत्तजयंतीला अजून अवकाश आहे. तुमच्या हातात आज दोन गोष्टी आहेत, वेळ आणि अंगाने भरलेली वछेरी. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर दोन्ही राहणार नाहीत.

मी तीस वर्षं चाबूकस्वार म्हणून काम करतोय. घरच्या घोड्या आहेत, लोकांचे वछेरे शिकवायला येतात. त्यातली पाच-सहा जनावरं मला स्वतःला अडचणीपायी विकावी लागली. त्यातल्या एकाचं सांगतो.

२०१२ ला पावसाने दगा दिला. माझ्याकडे सव्वादोन वर्षांचा अबलख वछेरा होता, माझ्या हातावर वाढलेला. त्या डिसेंबरात पुण्याकडचे एक घोडेस्वारी शिकवणारे गृहस्थ त्याला बघायला आले. त्यांनी त्याला तासभर नुसतं उभं राहून पाहिलं, पाय उचलून पाहिले, रास्त भाव सांगितला. मी नाही म्हणालो. जीव तुटत होता, दुसरं कारण नव्हतं. मे महिन्यात कडब्याची पेंढी परवडेना. चंदी निम्मी केली, मग कोंड्यावर आणला. जूनच्या तोंडाशी त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. शेवटी एका आठवडी बाजारात, मावळतीला, एका हेड्याला, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याला, तो तिसऱ्या हिश्श्याच्या भावात दिला. नाव-गाव विचारायचंही सुचलं नाही. दोन वर्षांनी एका वरातीत तो मला दिसला. गालावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून ओळखला. ओठांचे कोपरे लगामाने फाटून पांढरे पडलेले, पाठ बसलेली, वय जेमतेम पावणेपाच. मी हाक मारली तेव्हा त्याने कान टवकारले. परत विकत घ्यायचा म्हणून मालकाशी बोललो, पण त्याने सांगितलेली रक्कम माझ्याकडे नव्हती. डिसेंबरात माझं त्याच्यावर जे प्रेम होतं त्याचंच ओझं मी त्याच्या पाठीवर टाकलं, असं मला आजही वाटतं.

म्हणून सांगतो, दगा विकण्यात नाही. घोडं २५ वर्षं सहज जगतं. तुम्ही तिला पहिली अडीच वर्षं दिलीत. पुढची वीस-बावीस वर्षं ती कोणाच्या दारात काढेल हे ठरवायची सत्ता आज तुमच्याकडे आहे, आणि ती सत्ता तिच्या अंगावरच्या मांसाबरोबर कमी होत जाते.

उधारीच्या चंदीबद्दल आधी बोलतो, कारण ते लांबणीवर टाकता येण्यासारखं नाही. अडीच वर्षांची मारवाडी वछेरी साधारण ३०० किलोची असते. तिला दिवसाला सहा-सात किलो कोरडा आहार लागतो, त्यातला मोठा वाटा चाऱ्याचा. पैसे कमी पडले की लोक हरभरा आणि जव बंद करतात आणि गव्हाच्या कोंड्यावर पोट भरतात. हे करू नका. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडं. वाढत्या जनावराला महिनोन् महिने नुसता कोंडा घातला तर शरीर कॅल्शियम हाडांतून ओढून घेतं, तोंडाची हाडं सुजतात, चाल लंगडी होते. बांधाला लसूणघास असेल तर तो द्या, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. कडबा चांगला द्या, मीठ द्या, चंदी थोडी पण रोज ठरल्या वेळेला द्या. उधारी करायची असेल तर ती या तीन महिन्यांपुरती करा. विक्रीच्या पैशातून ती पहिल्यांदा फेडा.

आता गिऱ्हाईक. वछेरी आहे ही तुमची जमेची बाजू, कारण तिच्यापासून पुढे शिंगरं होणार असतात. तिच्यासाठी चार प्रकारची माणसं येतील. एक, पैदाशीसाठी घोड्या पाळणारे. दोन, शौकीन शेतकरी, ज्यांच्याकडे आधीच एखादं घोडं आहे. तीन, घोडेस्वारीचे क्लब. चार, वरातीचा आणि नाचाच्या घोड्यांचा धंदा करणारे. मधे हेडी आणि दलाल असतातच.

चौथ्या प्रकारातले सगळे वाईट असतात असं मी म्हणणार नाही. जनावर जपणारी घराणी मला माहीत आहेत. पण हरणीसाठी ते काम नको, आणि याचं कारण हिशोबाचं आहे. घोड्याच्या पायाची हाडं दोन-अडीच वर्षांत जुळतात, पाठीचे मणके पुरते पक्के व्हायला पाच वर्षं उलटावी लागतात. पूर्ण वाढ झालेल्या घोड्यानेही आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वाहू नये असं आम्ही धरतो. हरणीच्या ३०० किलोला ते ६० किलो होतात. नवरदेव, शेरवानी, खोगीर, साज, पुढ्यात बसवलेला लहान मुलगा हे सगळं मिळून कधीच ६० किलोंत बसत नाही. त्यात बँडचा आवाज, फटाके, डांबरी रस्ता. नाचवायला शिकवताना काही ठिकाणी काटेरी लगाम अजून वापरतात. ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांत त्याला मनाई आहे, तरी बाजारात तो मिळतो. बघायला आलेला माणूस "लगेच कामाला लागेल ना?" असं विचारत असेल तर तुमचं उत्तर तिथेच ठरलं पाहिजे.

पैदाशीवाल्यालाही एक प्रश्न विचारा: घोडीला नर कधी दाखवणार? तीन वर्षं पुरी होण्याआधी गाभण करायची घाई असलेला माणूस मला नको असतो. गाभणपण अकरा महिन्यांचं. वछेरीची स्वतःची वाढ चालू असताना पोटात दुसरं वाढलं की दोघींचं नुकसान होतं.

माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली घरं दुसऱ्या प्रकारात, शौकीन शेतकऱ्यांत, सापडतात. माझी एक कुमैत घोडी मी धुळ्याकडच्या एका शेतकऱ्याला दिली. दुसऱ्याने पंधरा हजार जास्त सांगितले होते. पण हा माणूस आला तेव्हा त्याने आधी पाणी कुठलं पिते, चंदी भिजवून देता की कोरडी, एकटी राहते का, असं विचारलं. भाव शेवटी विचारला. मी त्याच्या घरी जाऊन आलो. तबेला साधा होता, पत्र्याचा, पण खाली कोरडं होतं आणि बांधलेल्या म्हाताऱ्या घोड्याचे खूर नीट कापलेले होते. कोणाच्याही दारात गेलात तर खूर बघा ताई. अंगावरचा खरारा पाहुणे येणार म्हणून एका सकाळीत होतो. खुरांची निगा महिन्यांची असते.

आता जे सांगतो ते मनाला लागेल, पण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. तुम्ही लिहिलंय की हरणी फक्त तुमचंच ऐकते, दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. हे अभिमानाने लिहिलंय, मला कळतं. पण विकायच्या जनावरात हा गुण राहत नाही, खोड होते. नव्या घरी पहिल्या आठवड्यात ती कोणाला चावली किंवा दोन पायांवर उभी राहिली, तर तो माणूस महिन्याभरात तिला पुढे विकेल. पुढचा आणखी लवकर विकेल. घोडी हातोहात फिरते आणि प्रत्येक हाताबरोबर खालच्या घरी जाते. फाटक्या तोंडाने आणि मारलेल्या अंगाने माझ्याकडे सुधारायला आलेली बहुतेक जनावरं लाडात, एकाच माणसाच्या हातात वाढलेली होती.

म्हणून या तीन महिन्यांत तुमचं प्रेम या कामात घाला. तिला रोज वेगळ्या माणसाने चंदी द्यावी, भावाने, चुलत्याने, शेजारच्या पोराने. म्होरकी घालू देणं, चारही पाय उचलून देणं, पाय धरून दोन मिनिटं उभं राहणं, अगाडी-पिछाडीला, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांना, शांत बांधून घेणं, अनोळखी माणसाने तोंड उघडून दात बघणं हे तिला रोज थोडं थोडं शिकवा. दातांची सवय विशेष लावा, कारण या वयात तिचे पुढचे मधले दुधाचे दात पडायला लागतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक वय तिथेच बघणार. दर वेळी शांत राहिली की मान खाजवा आणि सोडून द्या. खिशातून गूळ काढून द्यायची सवय मात्र बंद करा, चावण्याची सुरुवात तिथून होते. एखादी पिकअप ओळखीतून दोन-चार दिवस दारात उभी करता आली तर तिच्यात चढवायची-उतरवायची सवय लावा. सारंगखेड्याला किती वछेरे दोरखंडांनी ओढून गाडीत चढवताना मी पाहिलेत. गुडघे सोलून बाजारात उतरलेल्या जनावराचा भाव पहिल्याच तासाला पडतो, आणि त्याची गाडीची भीती जन्मभर जात नाही.

पाठीवर मात्र कोणाला बसवू नका, "शिकवलेली आहे" असं सांगता यावं म्हणूनसुद्धा नाही. हातात दोर धरून चालणं, थांबणं, मागे सरकणं एवढं येत असेल तर जाणकाराला पुरे असतं. रेवाल, म्हणजे हादरे न देणारी मऊ चाल अंगात असेल तर ती दोरावरही दिसते.

तब्येतीचे कागद आत्ताच सुरू करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त द्या. हा जिवाणूंचा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. रोगी ठरलेल्या जनावराला वाचवता येत नाही, म्हणून बाजारात आणि जाणत्या गिऱ्हाइकाकडे हा अहवाल मागतात. नमुने प्रयोगशाळेत पाठवून तपासले जातात. यायला वेळ लागतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. सोबत धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध दिल्याच्या तारखा एका वहीत लिहा. पावसाळ्यात खुराच्या तळव्याला काळी, घाण वास येणारी कुज लागते. ती असेल तर कोरड्या जागी बांधा आणि नालबंदाकडून साफ करून घ्या. नाल ठोकायची गरज नाही, नुसते खूर कापून सारखे करा.

भोवऱ्यांबद्दल, म्हणजे अंगावरच्या केसांच्या वळणांबद्दल, तुम्ही विचारलं आहे. हरणीला गळ्याशी देवमण आहे हे चांगलं, लोक त्याला मोल देतात. डोळ्याखाली आसूढाळ भोवरा आहे त्याला ते अशुभ म्हणतील आणि भाव पाडतील. केसांच्या वळणाचा घोड्याच्या फुप्फुसाशी आणि पायांशी काही संबंध नाही, माझ्या सगळ्यात इमानी घोडीला आसूढाळच होती. पण ते झाकायचा प्रयत्न करू नका. फोनवरच सांगून टाका. ज्यांना ते खटकतं ते येणार नाहीत, आणि आलेला माणूस भोवऱ्यांपलीकडे बघणारा असेल. गेल्या वर्षी पायाला झालेली जखम, तिच्या आईला आलेला पोटशूळ, हेही सांगा.

कुठे विकावी? पहिली पसंती घरून. नालबंद आणि घोड्यांचे पशुवैद्य यांना सांगून ठेवा, कोण कसं ठेवतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. तुम्हाला येवला जवळ आहे, तिथे मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो. हरणीला न नेता दोन-तीन मंगळवार नुसतं जाऊन या. तिच्या वयाची, तिच्या उंचीची वछेरी शेवटी कितीला सुटली एवढं कानावर घ्या. उंची इंचांत मोजतात, तेव्हा आधी घरी सपाट जमिनीवर, खांद्याच्या उंचवट्यापाशी नीट मोजून ठेवा. सारंगखेड्याच्या कोटींच्या बातम्या मनातून काढून टाका. बातमीतला आकडा बहुतेक वेळा मालकाने सांगितलेला असतो, पावतीवरचा आकडा वेगळा असतो.

कार्तिकापर्यंत घरून जमलं नाही तर सारंगखेडा. दत्तजयंतीच्या यात्रेला तिथे मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडची घोडी येतात आणि गिऱ्हाईक देशभरातून येतं. पहिल्या चार-पाच दिवसांत पोहोचा. खरे शौकीन तेव्हाच फिरतात, शेवटी हेडी उरतात आणि त्यांना कोणाला परतीचं भाडं परवडत नाही हे बरोबर कळतं. परत घेऊन यायचं भाडं घरून निघतानाच बाजूला काढून ठेवा. ते पैसे खिशात असले की रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवणाऱ्याला नाही म्हणता येतं. वडिलांना प्रवास झेपणार नसेल तर सोबत घोड्यातलं कळणारा एक माणूस न्या. बोलणी त्याने करावी, होकार तुम्ही द्यावा.

मनाशी एक तळाचा आकडा ठरवा आणि तो घरात सांगा, बाजारात कोणाला सांगू नका. पण चांगल्या घरासाठी त्या आकड्याखाली किती उतरायचं तेही आजच, शांतपणे ठरवा. उसने परत मागणारे दारात असताना हा विचार नीट होत नाही. इसार घेतला तर पावती द्या आणि जनावर न्यायची तारीख तिच्यावर लिहा. हप्त्यांवर देऊ नका. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय दोर हातात द्यायचा नाही, मग समोरचा कितीही गोड असो. फोनवर न बघता सौदा करणारे, "मी सैन्यात आहे, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारे भेटतील. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही.

विक्रीची चिठ्ठी दोन प्रतींत करा. रंग, खुणा, भोवरे, उंची, वय, दातांची स्थिती, सांगितलेल्या जखमा, रक्कम, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, दोन साक्षीदार. खाली एक ओळ लिहून घ्या: "पुढे ही घोडी विकायची झाल्यास आधी मूळ मालकाला कळवीन." कोर्टात ती किती टिकेल हा भाग वेगळा, पण सहीच्या वर ती ओळ वाचताना माणसाचा चेहरा बघा. माझ्या कुमैत घोडीच्या मालकाने ती वाचून "वर्षाला एकदा फोटोही पाठवीन" असं स्वतःहून लिहिलं. दुसऱ्या एकाने "याची काय गरज" म्हणून कागद परत सरकवला. त्याला मी घोडी दिली नाही.

विकण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का, असंही तुम्ही विचारलंत. अर्धेलीवर देता येते, म्हणजे खर्च त्याचा आणि पुढच्या शिंगरांत वाटा दोघांचा. पण त्यात आज हातात पैसे येत नाहीत आणि पहिलं शिंगरू व्हायला दोन वर्षं जातात. तुमची गरज आजची आहे. हरणी गहाण ठेवून कोणी पैसे देत असेल तर अजिबात घेऊ नका. तिला न्यायचा दिवस मग तुमच्या हातात राहत नाही.

निघायच्या आदल्या रात्री चंदी हलकी ठेवा, चारा पोटभर. गाडीत खाली भुसा किंवा माती अंथरा, फळ्या तिच्या छातीच्या वर येतील इतक्या उंच हव्यात, प्रवास पहाटेचा ठेवा, तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवायला सांगा. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला चालकाजवळ असू द्या. सोबत तुमच्याकडची आठ दिवसांची चंदी आणि एक पेंढी चारा द्या, आणि नव्या दाण्यात ती रोज थोडी थोडी मिसळायला सांगा. खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो, तुमच्या घरात तो एकदा येऊन गेलाय. तिची जुनी म्होरकी तिच्या तोंडावरच राहू द्या.

गाडीत तिला तुम्हीच चढवा. तुमच्या हाताने चढली तर शांत जाईल. पहिले पंधरा दिवस भेटायला जाऊ नका, ती नव्या माणसांना शिकत असेल. फोन मात्र दुसऱ्या दिवशीच करा आणि दोनच गोष्टी विचारा: पाणी प्यायली का, लीद टाकली का.

नालबंदाला याच आठवड्यात बोलवा. रक्त द्यायला जाताना हरणीचा पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी काढलेला एकेक फोटो मला पाठवा. पायांची ठेवण बघून सांगतो, गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगावं लागेल ते.